पथकाचाच अपघात

धडक

शहराच्या अपघात तपास पथकाची गाडी एका स्कूटरला मागून धडकली. गाडी पथकप्रमुख साहेब स्वतः चालवत होते, कारण चालकाचं पद मंजूर झालेलं नव्हतं. मागे हवालदार बसला होता आणि त्याच्या मांडीवर, तान्ह्या बाळासारखं दुलईत गुंडाळलेलं, नवं मोजणी यंत्र होतं. स्कूटरवर साहेबांच्या सासूबाई होत्या.

स्कूटरचा मागचा दिवा फुटला. गाडीच्या बंपरला पोचा आला. सासूबाईंना काही झालं नाही; त्यांना कधीच काही होत नसे.

"आई! तुम्ही?"

"नाही, माझं भूत. समोर बघून चालवता येत नाही का हो, जावईबापू?"

धडकेच्या थोडं आधी

(हे अगोदर सांगायला हवं होतं. पण धडक काही सांगून होत नाही.)

कुठे दोन गाड्या घासल्या की हे पथक टेप आणि खडू घेऊन निघायचं. टेपचं एक टोक साहेब धरायचे, दुसरं हवालदार, आणि मोजमाप संपेपर्यंत रस्ता बंद. लोक गाडीतच डबे खायचे, पेंगायचे, जागे होऊन शिव्या द्यायचे. नवं यंत्र मात्र तिवईवर ठेवलं की गर्रकन फिरून सगळं टिपून घ्यायचं. चहा निवायच्या आत रस्ता मोकळा!

त्यासाठी पैसे मागता मागता साहेबांच्या चपला झिजल्या होत्या. शेवटी कंपनीने यंत्र एका दिवसापुरतं वापरून पाहायला दिलं. पालिकेच्या खर्च समितीच्या अध्यक्षबाई ते बघायला मैदानावर येणार होत्या. तिथे दोन भंगार गाड्या एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या. बाईंना पटलं तर पैसे मिळणार. नाही पटलं तर पथकच बंद, आणि साहेब पुन्हा हरवल्या-सापडल्याच्या खिडकीत, लोकांच्या छत्र्या सांभाळत.

धडकेनंतर, बराच वेळ

"आई, जरा बाजूला होता का? दिवा मी संध्याकाळी बसवून देतो." साहेबांनी स्कूटरला हात घातला.

"साहेब, वाहन हलवू नका." गाडीच्या खिडकीतून आवाज आला. या हवालदाराला पथकात सगळे कलमदादा म्हणत. "मोजणीआधी वाहन हलवायचं नाही. तुम्हीच केलेला नियम आहे."

"मग कर की मोजणी! काढ ते यंत्र."

"यंत्र धडकलेल्या गाडीत आहे. तपासाआधी गाडीतली वस्तू बाहेर काढायची नाही. हाही तुमचाच. मी उतरलो तर यंत्र सीटवर ठेवावं लागेल, म्हणजे वस्तूची जागा बदलली. म्हणून मी उतरतही नाहीये."

"अरे, मी सांगतोय ना!"

"तुम्ही संशयित आहात, साहेब," कलमदादा अदबीने म्हणाला. "तुम्हाला तपास करता यायचा नाही. मी साक्षीदार. मलाही नाही."

"मग करणार कोण?"

"दुसरं पथक."

"आहे आपल्याकडे दुसरं पथक?"

"नाही."

हे ऐकून सासूबाईंनी पर्स पोटाशी धरली आणि सीटवर नीट बैठक मारली. "मग मीही हलत नाही. मीही घटनास्थळच आहे."

एव्हाना मागे रांग लागली होती. एक टँकरवाला खाली उतरला, बाह्या सावरत म्हणाला, "आजींसकट उचलून ठेवू का स्कूटर?"

"हात लावाल तर तुम्हीही संशयित!" कलमदादा खिडकीतून ओरडला.

"आणि आजी कोणाला म्हणतोस रे?" सासूबाई म्हणाल्या.

टँकरवाला मुकाट्याने टँकरमध्ये जाऊन बसला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. बायको होती.

"तुम्ही आईला ठोकलंत?"

"ठोकलं नाही गं. टेकलं."

"चूक कोणाची?"

"तपास चालू आहे."

"चालू आहे?"

"...अजून सुरू व्हायचाय."

अध्यक्षबाई

अध्यक्षबाई रांगेच्या शेवटच्या टोकाकडून चालत आल्या. सँडल हातात, चेहरा लाल. दोन्ही गाड्या पाहून मात्र खुलल्या.

"अच्छा, इथेच मांडलंय होय प्रात्यक्षिक! अगदी खरं वाटतंय हो. दिवासुद्धा फोडलात! आणि या बाई कोण? नाटकात असतात का?"

"मी सासू आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काय बेमालूम करताय! चला, सुरू करा."

कोणीच काही सुरू केलं नाही. शेवटी साहेबांनी मान खाली घालून सगळं खरं सांगून टाकलं.

"मी आदेश देते. काढा ते यंत्र."

"माफ करा, बाई," कलमदादा म्हणाला. "या अपघाताने तुम्ही अडकलात. म्हणजे तुम्ही बाधित पक्ष."

अध्यक्षबाई सासूबाईंकडे वळल्या. "तुम्ही मध्येच ब्रेक का लावलात हो?"

साहेबांनी डोळे मिटले. लग्नाआधी त्यांनी मारलेली एकेक बढाई सासूबाईंना शब्दशः पाठ होती.

"आठवत नाही," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी डोळे उघडले.

"म्हणजे," अध्यक्षबाई रांगेकडे बघत म्हणाल्या, "पथकच धडकलं तर या शहराला वाली नाही?"

"नाही, बाई," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे छत्र्या उघडत होत्या, मिटत होत्या.

उन्हं उतरल्यावर शेजारच्या शहरातून पथक आलं. टेप आणि खडू घेऊन. त्यांनी सगळं काटेकोर मोजलं आणि कारणापुढे लिहिलं: समजले नाही. साहेबांनी कागद नाकाला लावून सही केली.

निकाल

समितीने दोन पथकं मंजूर केली, दोन यंत्रांसह. एक शहरासाठी आणि एक पहिल्या पथकासाठी. वर एक चालक. चालकासाठी अध्यक्षबाई हटूनच बसल्या होत्या, म्हणे.

बातमी घेऊन साहेब नाचतच घरी आले. सासूबाईंनी ती शांतपणे ऐकली, पर्स उघडली आणि साहेबांचा चष्मा काढून समोर ठेवला.

"घ्या. त्या दिवशी टेबलावर विसरून गेलात. द्यायला म्हणून तुमच्या मागे स्कूटर दामटली, पुढे गाठलं, थांबून हात केला. तर तुम्ही सरळ अंगावर!"

"हरवला समजून मी नवाच करायला टाकला होता! पण आई, तेव्हा का नाही बोललात?"

"अध्यक्षबाईंसमोर? अपघात तपासणारा माणूस चष्म्याशिवाय गाडी चालवतो म्हणून?"

साहेबांनी चष्मा चढवला. बऱ्याच दिवसांनी त्यांना सासूबाई नीट दिसल्या.

"चूक माझीच, आई."

"ते मला दिवा फुटायच्या आधीच कळलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या यंत्राला किती वेळ लागतो म्हणालात?"