भिंतीच्या पाठीवरचा मजकूर

बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसताच नवऱ्याने जाहीर केलं, "कारागीर बोलवायचा नाही. मी बघतो."

सहा वर्षांपूर्वी नेमका इथंच डाग आला होता. "हात लावू नका, आपोआप वाळेल," असं बजावून तो आठवडाभर परगावी गेला आणि परतला तेव्हा भिंत कोरडी ठणठणीत! तेव्हापासून ओल या विषयात तो चारचौघांना सल्ले देई. या वेळी मात्र डाग रोज वीतभर वाढत होता, आणि आज संध्याकाळी साडू येणार होते. साडू म्हणजे खिशात पेचकस घेऊन लग्नाला जाणारा माणूस. ते यायच्या आत भिंत उरकणं हा अब्रूचा प्रश्न होता.

त्याने टकटक केलं. कोरड्या जागी भिंतीचा जिप्सम बोर्ड खणखणीत बोलला, डागावर मात्र कुणी उशीतून हुंकार द्यावा तसा आवाज आला. अंगठा दाबला, तर तो सरळ आत गेला. कटरने चौकोन कापून त्याने तुकडा ओढला. आतून गार, कुबट वारा आला. तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं :

'पाणी बंद न करताच कापलंत ना?'

त्याने मागे वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पाणी चालूच होतं. तो मुकाट्याने जाऊन कॉक बंद करून आला.

दुसरा तुकडा निघाला. 'बुरशी आहे. नाकाला फडकं बांधा. शिंका येतील.'

त्याला शिंक आली.

"अगं, लवकर ये! या भिंतीला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे!"

"बरं झालं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मला एकटीलाच किती दिवस ठाऊक असायचं?"

त्याने शेवटचा तुकडा ओढला. आतल्या अंधारात पाइपाचा सांधा थेंब थेंब गळत होता. तुकड्यावर लिहिलं होतं :

'सांधा सहाएक वर्षं टिकेल. आणि साडूभाऊ, भिंत आपोआप वाळत नसते.'

बायको दारात उभी होती. "तुम्ही परगावी होतात तेव्हा भावोजींनी सांधा दुरुस्त करून बोर्ड बदलला. मी सांगणार होते, पण तेच म्हणाले, 'राहू दे, त्यांना बरं वाटतंय.'"

तेवढ्यात बेल वाजली. साडू आत आले, भगदाडात डोकावले आणि मान डोलावली.

"पाणी बंद केलंत ना?"

"म्हणजे काय! सगळ्यात आधी!"

साडूंनी खिशात हात घातला. पेचकस नाही, पेन्सिल निघाली.

"छान. नवा बोर्ड आणू, पण सावकाश," ते म्हणाले. "आधी आणखी सहा वर्षांनी तुम्ही काय कराल, ते लिहून काढू."