शिवी आली पाहिजे

परबांना रोज दुपारी शिवी खाल्ल्याशिवाय डबा उघडता येत नाही. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते, म्हणून खात्रीने सांगते.

आमचं ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर. त्याच गिरणीत माझे आजोबा कापड विणायच्या साच्यांवर राबले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तिथेच एसीत बसते, आणि हे मी सगळ्यांना सांगते. म्हणून परबांची हाक ठरलेली : “काय गो पदवीधर!”

आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो. ते नेटवर्कवरच्या सर्व्हरांची कुलपं ओढून बघतं. म्हणजे माहिती नीट एन्क्रिप्ट होऊन जाते की उघडी पडते. आता हे सॉफ्टवेअर तरी धड आहे का? ते रोज सकाळी आपोआप तपासणाऱ्या चाचण्या परबांनी लिहिल्यात. त्यासाठी काही सर्व्हर त्यांनी मुद्दाम बिघडवून ठेवलेत. एकाच्या सुरक्षा-सर्टिफिकेटची मुदत संपलेली, दुसऱ्याचं एन्क्रिप्शन इतकं जुनं की कुणीही फोडावं. परब त्यांना लाडाने ‘माझे नालायक’ म्हणतात.

“चांगल्याला चांगलं कोणीही म्हणेल गो. नालायकाला शिवी घातली पाहिजे. शिवी आली, तर समजायचं सॉफ्टवेअर शुद्धीवर आहे.”

गेल्या गुरुवारी नवीन आवृत्ती जायची होती. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. मॅनेजर खूश. परब मात्र घरात कुणी गेल्यासारखे बसलेले.

“माझ्या नालायकांना शिवी कुठाय?”

“अहो परब, सगळं पास आहे!” मॅनेजर म्हणाला. “क्लायंट थांबलाय.”

“थांबू दे. मी सोडणार नाय.”

उकरलं तर काय, सॉफ्टवेअर त्या सर्व्हरांपर्यंत पोचलंच नव्हतं. उत्तर आलं नाही तर चाचणी सोडून द्या आणि हिरवं दाखवा, ही सोय मॅनेजरनेच वेळ वाचवायला करून घेतली होती.

“दाराला हात नाय लावला,” परब कडाडले, “आणि म्हणे घरात सगळे बरे!”

आवृत्ती थांबली. आम्ही जेवायला बसलो. परबांनी नेहमीसारखा स्पीकर लावून लालबागला आईला फोन केला.

“आये, बरी आसस मां?”

“बरी आसंय.”

या उत्तरावर ते कधीच फोन ठेवत नाहीत. आईचं विसरणं वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून रोज एक चुकीचा प्रश्न असतो.

“आज सोमवार मां?”

एरवी पलीकडून ताबडतोब येतं, “मेल्या, गुरवार आज! लक्ष खंय आसा तुझा?” आणि परब हसत डबा उघडतात.

त्या दिवशी आई म्हणाली, “होय रे, सोमवार.”

परबांचा हात झाकणावरच राहिला. माझाही घास हातातच.

“परत चालवतो,” ते मला हळूच म्हणाले. चाचणीबद्दल म्हणतात ना, अगदी तसं. “आये, मी तुझो धाकटो झील मां?”

झील म्हणजे मुलगा, एवढं मला एव्हाना कळत होतं.

“धाकटो खंयचो, मेल्या? माका एकच झील, तोय असलो येडो!”

“शिवी आली,” परब म्हणाले. डबा उघडला, आणि माझ्याकडे न बघता अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकली.