पोट गप हाय का?

पेशंट झोपला की आमचे बिराजदार सर त्याच्या पोटाची चौकशी करतात. "सिस्टर, पोट गप हाय का?"

सर भूल देणारे डॉक्टर. सोलापुरातल्या तीन-चार हॉस्पिटलांत स्कूटरवरून फिरतात. त्यातल्या एका थिएटरातली मी सिस्टर. इंजेक्शननं पेशंटचा श्वास थांबतो. मग घशात नळी जाईपर्यंत सर तोंडावर मास्क धरून रबरी पिशवीनं श्वास देतात. पिशवी जोरात दाबली तर हवा पोटात शिरते, पोट फुगतं आणि आतलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. म्हणून माझा हात पेशंटच्या पोटावर. गुडगुडलं की सांगायचं. दुसरे डॉक्टर असलं काही करायला लावत नाहीत. "श्वास द्यायचा, सायकलीत हवा मारायची न्हाय," हे सरांचं वाक्य आता मी झोपेतही म्हणेन.

पोटाच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नाही. "काय खाल्लं?" हे तीनदा विचारतात. मंगळवेढ्याचे एक काका दोनदा "काय न्हाय" म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, "खाल्लं न्हाय ओ सायेब. पोरानं हुरडा आणलाता, नुसती चव बघितली."

"किती?"

"दोन-तीन कणसं."

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. काका चिडले, सर्जन त्याहून चिडले. उरलेला हुरडा सरांनी जप्त करून आम्हाला वाटला.

गेल्या महिन्यात वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, पित्ताशयाचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. घरच्या माणसाला सर स्वतः भूल देत नाहीत, म्हणून दुसऱ्या मॅडम आल्या. सर बाहेर बसतील असं वाटलं, तर टोपी-मास्क लावून हजर. मी हात पुढे केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सिस्टर. आज मी ठेवतो."

मॅडम पिशवी अगदी हळू दाबत होत्या. छाती छान वरखाली होत होती. सर माझ्याकडे वाकले.

"सिस्टर, पोट गप हाय का? माझा हातच थरथरतोय, मला काय कळंना."

मी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला.

"गप हाय सर."

नळी गेली. मी हात काढला, सरांनी काढला नाही. सर्जन जवळ येऊन म्हणाले, "सर, आता मला तिथंच काम आहे."

"व्हय की," सर म्हणाले. हात तिथंच होता.