पदवीला इस्त्री

कॉलेजने पदवी गोल गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून दिली, तिथेच सगळं बिनसलं. नळकांड्यातून बाहेर काढली की ती क्षणभर टेबलावर पडून राही आणि मग लाजाळूच्या पानासारखी स्वतःला मिटून घेई. चार कोपऱ्यांवर चार कपबशा ठेवून झाल्या. रसायनशास्त्राची दोन जाडजूड पुस्तकं दोन दिवस तिच्या उरावर बसवून झाली. पुस्तकं उचलली की पुन्हा सुरळी.

कडकभाऊंना ते बघवेना. कडकभाऊ म्हणजे पदवी मिळवणाऱ्या मुलीचे वडील. त्यांचं इस्त्रीचं दुकान. कपड्याला कडक इस्त्री करतात म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव पाडलेलं, नाहीतर माणूस स्वभावाने मेण. राग त्यांना एकाच गोष्टीचा येई, सुरकुतीचा. बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर मुडपलेली दिसली तरी यांचे हात शिवशिवत.

त्यात आज अकरा वाजता मुलीची मुलाखत. गावाबाहेरच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतली एकच जागा. घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली ही पहिली, आणि पत्रात स्वच्छ लिहिलेलं: मूळ पदवी दाखवल्याशिवाय उमेदवाराचा विचार होणार नाही. साहेबांसमोर ठेवल्या ठेवल्या ती सुरळी होऊन टेबलावरून घरंगळली तर?

साहेबांना कडकभाऊ ओळखत होते. म्हणजे शर्टांवरून. साहेब मागच्याच गल्लीत राहत. मान साडेसोळा, डाव्या कफाचं बटण नेहमी ढिलं.

आठ वाजता मेहुणा दुकानात येऊन बसला. मेहुणा म्हणजे मुलीचा मामा. बेसिन, नळ आणि कमोड विकून त्याने दुमजली घर बांधलेलं. सातवीत त्याने शाळा सोडली की शाळेने त्याला, याबद्दल घरात दोन मतं होती.

"भाऊजी, कॉलेजात जाऊन होतं काय, सांगा ना," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन पदवीधर आहेत कामाला. कमोड उचलतात. त्यातला एक इतिहासवाला, तो जरा जपून उचलतो, एवढाच फरक."

"तिचं रसायनशास्त्र आहे."

"मग ती फिनेल ओतेल."

कडकभाऊंना वाद घालता येत नसे. वाद अंगावर आला की ते इस्त्री हातात घेत. आज इस्त्री हातात आली आणि नजर पदवीवर गेली.

आता धंद्यातला नियम असा, की छापील कापडाला नेहमी उलट्या बाजूने इस्त्री करावी. छपाईला धग लागत नाही. पदवी छापील होती. म्हणून कडकभाऊंनी ती पालथी घातली. टेबलावरच्या चादरीला जागोजाग करपल्याचे डाग, त्यावर लेकीची पदवी ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. दुकानातली सर्वांत स्वच्छ वस्तू म्हणजे साहेबांचा पांढराशुभ्र शर्ट, नुकताच पाठ वर करून पसरलेला. त्यावर पदवी ठेवली. इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. फिरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा चांगला जोर लावून, कारण तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "यश मिळवायला डोकं लागतं भाऊजी, कागद नाही."

बाहेर हॉर्न वाजला. साहेबांचा ड्रायव्हर. साहेब परगावाहून परस्पर ऑफिसात येणार होते, शर्ट तिथेच पोचवायचा होता. कडकभाऊंचं तोंड मेहुण्याशी भांडत राहिलं आणि हातांनी आपापलं काम उरकलं: पदवी तशीच पालथी फायलीत सरकवली, शर्ट हँगरला लावला, वर कापडी खोळ चढवली. डोळ्यांना कुणी विचारलंच नाही.

*गाळलेल्या जागा भरा*

साडेनऊला मुलीने फाइल उघडली. पदवी काचेसारखी सपाट.

"बाबा! तुम्ही हिला इस्त्री केलीत?"

"मग! दाखव सुरकुती."

सुरकुती नव्हती. बाकीही बरंच काही नव्हतं. मुलीचं नाव शाबूत होतं, कॉलेजचं नाव शाबूत होतं, आणि त्याखाली:

रसायनशास्त्र या विषयात ………… श्रेणीत ………… झाल्याबद्दल ही ………… देण्यात येत आहे.

शिक्का अर्धा. सहीची फक्त शेवटची शेपटी.

"अगं बाई," मुलीची आई म्हणाली, "अक्षरं गेली कुठं?"

मुलगी रडली नाही. तिने कागद उजेडात धरला, नखाने खरवडला, वास घेतला. "ही शाई नव्हतीच, बाबा. प्लॅस्टिकची भुकटी असते. प्रिंटर ती गरम करून कागदावर चिकटवतो. पुन्हा तापली की सुटते आणि समोर येईल त्याला चिकटते."

"हे कॉलेजात शिकवतात?" मामाने विचारलं.

"दुसऱ्या वर्षाला."

"मग बापाला सांगायचं नाही होय, दुसऱ्या वर्षाला!"

"बाबा, खाली काय होतं?"

"अगं, सगळ्यांत स्वच्छ जागा बघून…" एवढं बोलून कडकभाऊ मटकन स्टुलावर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर एक साडेसोळाची मान उभी राहिली होती.

दुसरी प्रत काढायला अर्ज केल्यापासून तीन महिने. मुलाखतीला दीड तास. म्हणजे उरलेली पदवी साहेबांच्या अंगात जाण्याआधी गाठायला हवी. आईने कपाटातून नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली काढून मुलीच्या पर्समध्ये कोंबली. ती मुलीनेच मागितली होती. का, ते विचारायला वेळ नव्हता. वाहन एकच होतं, मामाचा टेम्पो. तो भरलेला होता.

*"मी केलेला प्रवास" यावर दहा ओळी लिहा*

पुढे मामा आणि मुलगी. मागे कडकभाऊ, एका कोऱ्या कमोडवर, मांडीवर बेसिनवरचा आरसा, खड्डा आला की आरशाला पोटाशी धरत. आरशात त्यांना सारखा एक माणूस दिसत होता. त्याने लेकीचं तीन वर्षांचं शिक्षण तीन फेऱ्यांत पुसलं होतं.

गेटवर पहारेकऱ्याने काठी आडवी घातली. "माल मागच्या गेटने."

"आम्ही मुलाखतीला आलोय," मुलगी म्हणाली.

पहारेकऱ्याने मागे डोकावून पाहिलं. "यांच्या?"

मागच्या गेटवर रजिस्टर. कमोड नऊ, बेसिन सहा, आरसे चार, मुलगी एक. सगळ्यांची आवक म्हणून नोंद झाली आणि पावणेअकरा वाजले.

*कोण कोणास म्हणाले?*

"शर्ट? तो घातला की साहेबांनी. वर कोटही चढवला. म्हणाले, काय इस्त्री आहे!" (ड्रायव्हर, कडकभाऊंना. व्हरांड्यात.)

"साहेब, शर्ट द्या."

"कुठला?"

"अंगातला." (कडकभाऊ, साहेबांना. मुलाखतीच्या खोलीच्या दारात.)

"आत्ता?"

"कॉलरपाशी एक सुरकुती राहिलीय, साहेब. दोन मिनिटांत काढून देतो."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कडकभाऊ, तुमच्या हातून सुरकुती राहील? सूर्य एकवेळ पश्चिमेला उगवेल हो." आणि आत निघून गेले.

तीस वर्षं इमानाने केलेलं काम असं वैऱ्यासारखं उलटेल, हे कडकभाऊंना ठाऊक नव्हतं.

अकराच्या ठोक्याला मुलीला आत बोलावलं. कडकभाऊंनी दार लागू नये म्हणून फटीत पाऊल घातलं आणि आत कान दिला. साहेबांच्या शेजारी हेडक्लार्क बसले होते. ते कागद डोळ्यांजवळ नेत, मग नाकाजवळ.

"श्रेणी नाही. सही नाही. शिक्का अर्धा. बाई, ही पदवी नव्हे, ही पदवीची आठवण आहे. पुढचा उमेदवार!"

"सर, उरलेली पदवी इथेच आहे," मुलगी म्हणाली. तिने बोट दाखवलं. "साहेबांच्या पाठीवर आहे."

हेडक्लार्कांचा चेहरा कठोर झाला. "साहेब तुमच्या पाठीशी आहेत, असं म्हणायचंय? इथे वशिला चालत नाही!"

"पाठीशी नाही हो. पाठीवर."

फटीतून पाऊल आत आलं, पाठोपाठ कडकभाऊ. "तिची काही चूक नाही, साहेब. इस्त्री मी केली. पोरगी हुशार आहे, बाप अडाणी निघाला. मला काय ते बोला, तिला परत पाठवू नका."

साहेबांनी काहीच न समजून कोट काढला आणि पाठ फिरवली. पांढऱ्याशुभ्र कापडावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तुटक ओळी होत्या. स्पष्ट, काळ्या, आणि उलट्या.

"हे वाचायचं कसं?" हेडक्लार्क म्हणाले. "नियमाप्रमाणे कागदपत्र वाचता यायला हवं."

"आलो, आलो," म्हणत व्हरांड्यातून मामा धावला तो टेम्पोतला आरसा घेऊनच परतला. गुडघ्यावर बसून त्याने तो धरला. हेडक्लार्कांनी चष्मा पुसला आणि आरशात वाचायला सुरुवात केली. "प्रथम… उत्तीर्ण… पदवी… साहेब, किंचित डावीकडे. सही तपासायचीय. आता श्वास धरा, शिक्का हलतोय."

मामाने आरशावरून मान काढून विचारलं, "प्रथम म्हणजे पहिली ना?"

"पहिली."

मामाने बाहीने आरसा पुसला आणि आणखी सरळ धरला. कुणाच्या पदवीसाठी त्याने असं आधी कधी केलेलं नव्हतं.

*तोंडी परीक्षा*

"असं झालं कसं?" साहेबांनी खुर्चीत बसत विचारलं. राग नव्हता त्यांच्या आवाजात. रंगाच्या कारखान्यातला माणूस, कशाला काय चिकटतं हाच त्याचा जन्माचा विषय. मुलीने भुकटीचं सांगितलं, किती धगेला ती मऊ होते ते सांगितलं, आणि सुताचे धागे ती का धरून ठेवतात तेही.

"आणि इस्त्री किती तापली होती? अंदाजे?"

मुलीने वडिलांकडे पाहिलं. कडकभाऊ हात जोडून उभे होते. "साहेब, अंश वगैरे मला कळत नाहीत. मी थेंब टाकतो. चुर्र करून बसला तर रेशमी कपडा घ्यायचा. गोळी होऊन नाचत पळाला तर सुती. आज नाचत होता."

"म्हणजे दोनशेच्या आसपास, सर," मुलगी लगेच म्हणाली. "तेवढ्या धगेला थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. थेंब इस्त्रीला टेकतच नाही, गादीवर तरंगतो. म्हणून नाचतो."

कडकभाऊ तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी तो थेंब नाचताना पाहिला होता. कशावर नाचतो, ते आज कळलं. ज्याने सांगितलं त्या जिवाला त्यांनी चालायला शिकवलं होतं.

साहेब मात्र कडकभाऊंकडे बघत होते. "आमच्याकडे एवढं मोजायला परदेशी यंत्र लागतं," ते पुटपुटले. मग मुलीला म्हणाले, "डाग निघेल?"

"निघेल." तिने पर्समधून बाटली काढली. "प्लॅस्टिक यात विरघळतं. दहा मिनिटं द्या."

"काढ मग. हीच प्रात्यक्षिक परीक्षा."

"थांबा!" हेडक्लार्क उभेच राहिले. "मूळ कागदपत्र पुसायचं? अहो, अर्धी पदवी कागदावर, अर्धी कापडावर. नवी प्रत येईपर्यंत दोन्ही फाइलला लावावी लागतील. बाईंची नेमणूक करायची असेल तर."

"करायची आहे," साहेब म्हणाले.

"तर मग शर्ट जमा करा, साहेब."

साहेबांनी गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात उरलेल्या मुलाखती घेतल्या. हेडक्लार्कांनी शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि कडकभाऊंच्या हातात दिला. "चुरगळलाय. फाइलला असं चालत नाही. इस्त्री करून संध्याकाळी आणा."

दुपारी दुकानात सगळे टेबलाभोवती उभे होते. शर्ट पसरलेला. इस्त्री तापत होती. कडकभाऊंनी थेंब टाकला, थेंब नाचला, आणि त्यांचा हात अधांतरी थांबला.

"किती तापवू गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"मला काय विचारता, बाबा? शर्ट आहे."

"नुसता शर्ट असता तर विचारलं नसतं. ही पदवी आहे. तिच्यात माझं शिक्षण नाही."

मुलगी हसली. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "कोमट होऊ द्या. आतल्या बाजूने फिरवा. खाली दुसरं कापड घाला, म्हणजे टेबलाला चिकटणार नाही."

"कुठलं घालू?"

कुणी काही सुचवायच्या आत मामा आपल्या शर्टाची बटणं काढू लागला. बनियनवर उभा राहून त्याने तो शर्ट टेबलावर पसरला, पाठ वर करून, तळहाताने नीट सपाट केला.

"माझा घाला," तो म्हणाला. मग भाचीकडे न बघता त्याने विचारलं, "उमटलीच थोडीफार, तर उलटी उमटेल का सुलटी?"

"उलट्याची उलटी, मामा. सुलटीच."

"मग कोमट कशाला, भाऊजी? चांगली तापवा."