चौकोनांना ओके

प्रतापरावांनी पहिल्यांदा ‘ओके’ लिहिलं, तेव्हा त्यातून एवढं रामायण होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

झालं होतं इतकंच, की सुनंदाबाईंचा मेसेज आला. त्यांनी तो आपल्या फोनवरून अस्सल मराठीत लिहिलेला, आणि प्रतापरावांच्या जुन्यापुराण्या फोनला मराठी अक्षरंच येत नव्हती. स्क्रीनवर नुसते चौकोन, आणि शेवटी तेवढं एक प्रश्नचिन्ह. म्हणजे बायको काहीतरी विचारतेय, एवढं कळलं. (नवरा जुना असला की तेवढं पुरतं.)

आता, ‘वाचता येत नाही’ असं कळवलं असतं तर विषय मिटला असता. पण मग फोनची अब्रू गेली असती! पलासिया भागातल्या आपल्या विमा ऑफिसात प्रतापराव त्या फोनच्या सिस्टिमची वंशावळ घडाघडा म्हणून दाखवत. “आधी नुसती बटणं, बरं का भिया. मग ही काडी आली, काडीनं स्क्रीनवर चक्क लिहायचं! मग बोटानं सरकवायचं खूळ निघालं, आणि तिथंच घराणं बुडालं.” त्यांचा फोन काडीच्या पिढीतला. ‘ह्यात काय होत नाही ते दाखवा,’ असं ते साऱ्या जगाला सुनावत. सुनंदाबाईंना तर रोज जेवताना.

तेव्हा त्यांनी काडी उपसली आणि ‘ओके’ लिहून टाकलं.

संध्याकाळी ताटात कारलं आलं.

“कारलं?”

“विचारलं होतं ना मी? ओके म्हणालात.”

पुढच्या ओकेला बेबीमावशी राहायला आल्या. त्या अजून आहेत.

आणि परवा तर तीन ओळी भरून चौकोन आले. पाठोपाठ आणखी चार-पाच, त्यांच्यामागे उद्गारचिन्ह! प्रतापराव चरकले. पण समोर साहेब बसलेले. ओके.

स्नेहलतागंजात घरी पोचले, तर कोपऱ्यावरचा मोबाइलवाला अश्विन सोफ्यावर चहा पीत बसलेला. शेजारी कोरा करकरीत फोन.

“आओ अंकल! पुराना वाला दे दो, सिम डाल देता हूँ.”

“पुराना? कशाला?”

सुनंदाबाईंनी शांतपणे आपला फोन पुढे केला. स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: ‘तुमचा जुना फोन देऊन टाकतेय, नवा घेतेय. मागाहून कटकट करायची नाही. चालेल?’ त्याखाली: ‘सांगा!’ आणि त्याखाली प्रतापरावांचं ओके.

प्रतापरावांचा हात खिशाकडे गेला. वाचलं म्हणावं, तर फोन जातोय. नाही वाचलं म्हणावं, तर इतक्या वर्षांची फुशारकी जातेय. खिशातल्या फोनवरचा हात काही सुटेना. शेवटी त्यांनी फुशारकीवर पाणी सोडलं.

“सुनंदा, खरं सांगतो. ह्यात मराठी दिसतच नाही गं. चौकोन दिसतात नुसते. ते ओके धरू नकोस.”

“अरे अंकल, फिर तो बदलना बनता है,” अश्विन म्हणाला.

सुनंदाबाईंनी अलगद त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला.

“माहितेय मला. पहिल्या दिवसापासून माहितेय. इंग्लिशमध्ये विचारलं असतं, तर तुम्ही एका तरी गोष्टीला हो म्हणाला असतात का?”