उभी, आडवी आणि पळती

टिपणीस मास्तरांच्या कोटाच्या खिशात कायम एक बटाटा असे. त्यात केरसुणीच्या तीन काड्या खुपसलेल्या. एक उभी, एक आडवी आणि एक तिरकी, आत जाणारी. रस्त्यात मध्येच थांबून ते हा बटाटा डोळ्यांसमोर धरत आणि समोरच्या टांग्याला नाहीतर एखाद्या गाफील म्हशीला ऐकवत, "उभी, आडवी, पळती! बस्स, जगात चौथी दिशा नाही." बटाटा सुरकुतला की त्याची भाजी होई आणि खिशात नवा येई. अख्खं पनवेल त्यांना वेडं समजे. मी मात्र त्यांना टरकून असे, कारण माझी नोकरी त्या बटाट्यात अडकली होती.

त्याचं असं झालं. मी शाळेत नवा मास्तर. खाडीकाठच्या आमच्या आगरी घरात मॅट्रिक झालेला पहिलाच. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "म्हात्रे, मास्तराला चित्रकलेची सरकारी परीक्षा लागते. पास झालात तर कायम करतो. नाहीतर जूनमध्ये तुमच्या जागी दुसरा." मला धड वांगं काढता येत नव्हतं. बापाने मिठागरात पाय फाडून घेऊन मला शिकवलेलं. त्याला जाऊन काय तोंड दाखवणार?

शाळेत चित्रकला शिकवायचे टिपणीस मास्तर. गेलो त्यांच्या पायाशी. तळ्याकाठी भाड्याच्या एका खोलीत ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी साबणाचं रिकामं खोकं पुढ्यात ठेवलं. मी घाम गाळून काढलं.

"म्हात्रे, रेघा बऱ्या आहेत. पण खोली नाही. उद्या खोली दाखवून आण."

म्हटलं, एवढंच ना! घरी बसून खोक्याभोवती झकास खोली काढली. दार, खिडकी, वर कौलं, खुंटीला सदरा. हौसेने भिंतीवर एक पालसुद्धा. मास्तरांनी कागद बराच वेळ न्याहाळला.

"हे काय?"

"खोली, मास्तर."

"अरे गाढवा, ही खोली नव्हे! ती खोली!"

"ती कुठली? माजघर दाखवू?"

त्यांनी बटाटा टेबलावर असा आपटला की पळती काडी मोडून माझ्या चहात पडली.

तिथून पुढे माझे हाल कुत्रं खाईना. "पेन्सिल हात लांब करून धर. एक डोळा मीट. मीट म्हणतो ना! आता सांग, पळती कुठे पळाली?" पळती मला कधी सापडायचीच नाही. घरी जेवायला बसलो तरी एक डोळा मिटून पाटाच्या कडांत तीच शोधत बसे. जून जवळ येत होता.

पण एक गंमत माझ्या लक्षात आली होती. मला घाम फोडणारा हा माणूस स्वतःच कसलातरी धसका घेतल्यासारखा वागे. छत्रीच्या टोकाने ठोकून पाहिल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नाही. चाचपल्याशिवाय खुर्चीवर बसायचं नाही. चहा ओतताना किटलीची तोटी कपाच्या कडेवर टेकवायची, मगच वाकवायची. लोक म्हणत, कुणीतरी करणी केली आहे. कुणी म्हणे, मास्तरांना उंबरठ्यावर समंध बसलेला दिसतो.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मास्तर म्हणाले, "तुझ्या गावच्या वाटेला साकव आहे ना? चल, तो काढ. पळती तिथे सापडली नाही तर कुठेच नाही."

आमचा साकव म्हणजे नाल्यावर टाकलेल्या दोन फळ्या, पलीकडे माझं घर. बांधावर बसून मी काढायला लागलो. एक डोळा मिटला आणि काय सांगू, दोन्ही फळ्या निमुळत्या होत सरळ आत पळाल्या! कागदावरही पळाल्या. मास्तर ओरडले, "गेली रे, आत गेली!" मला रडूच आलं.

तेवढ्यात पलीकडून आईने हाक दिली, "मास्तर, या न हिकरं! जितारा केलाय. नाय म्हनू नका."

टिपणीस जातीचे मासेखाऊ. जिताड्याचं नाव ऐकल्यावर त्यांचा जीव राहीना. छत्री ठोकत फळीवर चढले. मधोमध गेले आणि थांबले. तोंड पांढरंफटक, खाली भरतीचं पाणी. मी मागे धावलो. मला वाटलं, घसरण्याची भीती असेल. धीर द्यावा म्हणून थट्टा केली, "मास्तर, तुमचाच मंत्र म्हणा. एक डोळा मिटा!"

"मिटलेलाच आहे रे," ते पुटपुटले. "उघडा दिसतो, एवढंच."

मला कळेना. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"काचबिंदूने डावा गेला. एका डोळ्याला खोली दिसत नाही, म्हात्रे. पायरी आणि तिची सावली मला सारखीच. तो कर्नाळ्याचा सुळका आणि ही फळी एकाच भिंतीवर टांगल्यासारखी दिसतात. पुढचं पाऊल फळीवर पडेल की पाण्यात, मला माहीत नाही. शाळेत बोलू नकोस, घरी बसवतील."

मी कसाबसा अंग चोरून त्यांच्या पुढे आलो, त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हटलं, "मी चालतो तसे या. पळती माझ्याकडे." जिताडा खाताना त्यांचे हात कापत होते. आई म्हणाली, "मास्तरांना थंडी वाजतेय. आनखी रस्सा वार."

परीक्षेत एक स्टूल आणि बादली ठेवली होती. पहिली रेघ मी दोनदा खोडली. मग एक डोळा मिटला, आणि मास्तर सारं जग असंच बघतात हे आठवलं. पेन्सिल चालू लागली.

काठावर का होईना, पास झालो. कायम केल्याचा कागद हातात पडला तसा आईने दिलेला जिताडा घेऊन थेट मास्तरांच्या खोलीवर गेलो. बघतो तर भिंतीला माझं साकवाचं चित्र ठोकलेलं, खोडरबराने मळलेलं.

"हे हो कशाला लावलंत, मास्तर?"

त्यांनी स्टोव्हवरून किटली उतरवली.

"खरा साकव मला आत जाताना दिसत नाही. तुझा जातो. कागदावर बघताना सगळेच एकडोळे, तिथे मी कुणाला हार जात नाही. दुसराही डोळा जाईल म्हणून संध्याकाळी फार भीती वाटते रे. घरात बोलायला कुणी नाही. मग यावरून पलीकडे जाऊन येतो, तुझ्या आईकडे जेवायला." ते हसले. "माझ्या खोलीला तेवढीच खोली आहे बघ."

त्यांनी किटली उचलली. तोटी कपाची कड शोधत हवेत फिरू लागली. मी कप उचलला आणि तोटीला टेकवला.