रुखवतातली रेकॉर्ड

“येऊ द्या त्या गोऱ्या साहेबाला! मग कळेल तुम्हाला सावळीराम काय चीज आहे ते!” असं सावळीरामने ओट्यावर उभं राहून सगळ्या कॉलनीला सुनावलं. इथेच त्याचं चुकलं.

एकाहत्तर साली पंचवटीच्या धर्मशाळेत तीन गोरे हिप्पी उतरले होते. गिटार, बासरी आणि विजेवर कोकलणारं कसलंसं वाद्य घेऊन त्यांनी गाणी टेप केली आणि भजनी मंडळातल्या सावळीरामला ढोलकीवर बसवलं. पुढे रेकॉर्ड पोस्टाने आली, ‘केशरी नदी’. विलायतेत तेव्हा तिला कुत्रंही विचारत नव्हतं, आणि सावळीरामच्या घरी ती वाजवायला यंत्र नव्हतं! पंधरा वर्षं तो ओझरच्या कारखान्यात आणि कॉलनीत सांगत राहिला, “मी वाजवलंय!” पंधरा वर्षं लोक हसत राहिले. बायकोसुद्धा!

आणि आता शहाऐंशी साली पत्र आलं. शेजारच्या चिमाजी मास्तरांनी ते वाचून दाखवलं. ‘केशरी नदी’ म्हणे आता अजरामर मानतात, तरुण पोरं ती शोधत फिरतात, ती नव्याने निघतेय. त्या तिघांपैकी डेरेक रविवारी येणार होता. सावळीरामचा त्या रेकॉर्डसह फोटो छापायचा होता!

“मालन, रेकॉर्ड काढ!”

“कुठली? ती काळी ताटली? तिची मी वाटी केली.”

“वाटी?”

“उकळत्या पाण्यात धरली, डब्यावर दाबली, कडेला कशी छान झालर आली! पोरीच्या रुखवतात मांडली होती की. तुम्हीच म्हणालात, झकास झालीय!”

एवढ्या वर्षांचा एकुलता एक पुरावा लेकीच्या सासरी सटाण्याला सुपारी सांभाळत होता!

दुसऱ्या दिवशी तो सटाण्याला पोचला. वाटी समोरच होती. “व्याही, तेवढी वाटी परत मिळाली तर...”

व्याही पुंजारामचा अडकित्ता थांबला. “रुखवतनी वस्तू परत मांगतस? हाई आमनी शे!”

विहीणबाई कुसाबाई त्याहून तिखट. “एकच कशाला? सगळंच न्या!” म्हणत तिने मण्यांचा हंस, लोकरीचं तोरण आणि काडेपेट्यांचा बंगला अंगणात आणून आपटला. गल्ली जमली. “सून माहेरी धाडताय का हो?” कुणीतरी विचारलं, आणि लेकीने भोकाड पसरलं. सावळीरामला जीव नकोसा झाला. त्याने रडकुंडीला येऊन सगळी हकिगत सांगितली.

पुंजारामने वाटी कानाला लावली. “यामा गाणं शे?” मग म्हणाला, “वाटीसंगे मी बी येसु. खोटं निंघनं तर रुखवत आणि पोर, दोन्ही तुमना घर!”

रविवारी अख्खी कॉलनी अंगणात. सावळीरामने मान खाली घालून वाटी पुढे केली. डेरेकने ती उलटीपालटी करून पाहिली आणि पोट धरून हसत खिशातून त्याच रेकॉर्डची कॅसेट काढली. टेप सुरू झाली. गिटार आली, बासरी आली, भुतं विव्हळावीत तसे आवाज आले. ढोलकी काही येईना!

“पुढे आहे,” सावळीराम म्हणाला. पहिली बाजू संपली. “मागच्या बाजूला असेल.” शेवटचं गाणं लागलं तसा पुंजाराम वाटी काखेत मारून उठला. लेकीचा संसार मोडला, तो आपल्या बढाईपायी! सावळीरामने डोळे मिटले. इतक्यात गाणं क्षणभर थांबलं आणि...

खॉक्, खॉक्, खर्रर्र!

“अगं बाई!” मालनबाई ओरडली. “हा तर यांचाच खोकला! पंचवीस वर्षं ऐकतेय मी!”

डेरेक आनंदाने नाचायलाच लागला. “ढोलकी तो हमने काट दी, बहुत खराब थी! लेकिन ये खाँसी! वहाँ सब लोग इसी के लिए रेकॉर्ड सुनते हैं!”

पुंजाराम पुन्हा खाली बसला. “ढोलकी नाय, पण माणूस तोच शे!” म्हणत त्याने वाटी मानाने सावळीरामच्या हातात दिली. लेकीचा संसार वाचला.

सहा महिन्यांनी नवी रेकॉर्ड आली. पाकिटाच्या मागे सावळीरामचा मोठा फोटो, दोन्ही हातांनी वाटी हनुवटीपाशी भक्तिभावाने धरलेली. खाली छापलेलं: ‘खोकला – सावळीराम’.

चिमाजी मास्तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतात आणि वर म्हणतात, “पिकदाणी काय सुंदर आलीय, नाही?”